दोनशे मायक्रॉनचे अज्ञान

पॉलिहाऊसचा कागद विकत घेताना आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो : "किती मायक्रॉनचा?" दुकानदार म्हणतो, "दोनशे." पुढचा प्रश्न भावाचा. मग चहा येतो आणि व्यवहार पुरा होतो. औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण, आळंद, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कुठल्याही तालुक्यात जा. दहा गुंठ्यांसाठी बँकेचे कर्ज अंगावर घेणारा माणूस आपल्या छपराबद्दल एवढेच जाणतो की ते प्लास्टिकचे आहे आणि दोनशेचे आहे. पुढे तीन वर्षांनी, कधी दीड वर्षातच, वळवाच्या वाऱ्यात त्याच्या चिंध्या झाल्या की दोष वाऱ्याला, कंपनीला आणि शेवटी नशिबाला दिला जातो. जे प्रश्न विचारलेच नाहीत त्यांची आठवण कुणाला होत नाही.

माझे म्हणणे कडू वाटेल, पण ते असे आहे : ज्या वस्तूसाठी आपण सात-बारा किंवा पहाणी गहाण ठेवतो, ती वस्तू काय आहे हे न समजून घेणे हा भोळेपणा नव्हे, तो हलगर्जीपणा आहे. आणि ज्याला समजते त्याने ते न सांगणे ही फसवणूक आहे, मग तो दुकानदार असो की अधिकारी.

आधी दोनशे मायक्रॉनचेच पाहू. दोनशे मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा; जुन्या बोलीत आठशे गेज. हा आकडा फक्त जाडी सांगतो. कागद किती प्रकाश आत सोडेल, किती वर्षे टिकेल, रात्रीची ऊब धरेल की सोडून देईल, यातले काहीही त्यात नाही. बरे, निदान तेवढी जाडी तरी आपण तपासतो का? ती तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पॉलिथिलीनची घनता पाण्यापेक्षा जराशी कमी, ०.९२ च्या आसपास असते. म्हणून खऱ्या दोनशे मायक्रॉनच्या कागदाचा एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकडा सुमारे १८४ ग्रॅम भरतो. सोनाराच्या किंवा किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तो घडी घालून ठेवला की झाले. काटा १४७ वर थांबला तर तुमच्या हातात एकशे साठ मायक्रॉनचा माल आहे. कागद चौरस मीटरच्या भावाने घेतला असेल, तर पाचवा हिस्सा तुम्ही न मिळालेल्या मालाचे पैसे मोजले. फक्त वजनावरही विसंबू नये. खडूची पूड मिसळली की पातळ कागदही जड होतो. म्हणून तालुक्याच्या लेथवाल्याकडचा मायक्रोमीटर घ्यावा आणि तुकड्याच्या चार ठिकाणी लावून पाहावा. जाडी भरते पण वजन फार जास्त येते, तुकडा पांढुरका दिसतो, तर भेसळीचा संशय घ्यायला जागा आहे. शुद्ध पॉलिथिलीनचा तुकडा पाण्यावर तरंगतो. हे सगळे अर्ध्या तासाचे काम आहे. लग्नाचा बस्ता बांधताना आपण यापेक्षा जास्त वेळ घालवतो.

आता मुख्य गोष्ट, ऊन. साध्या पॉलिथिलीनला ऊन सोसत नाही. सूर्यप्रकाशातली अतिनील किरणे त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडत जातात. हवेतला प्राणवायू त्या तुटलेल्या जागी शिरतो. कागद आधी निबर होतो, मग बोटाने दाबला तरी तडकतो. नुसत्या पॉलिथिलीनचे छप्पर आपल्याकडे वर्षभरही धड राहत नाही. म्हणून कागद ओढताना त्यात यूव्ही-रोधक द्रव्ये घालतात. ती किरणांचा मार स्वतः झेलतात आणि हळूहळू खर्ची पडतात. कागदाचे आयुष्य म्हणजे त्या द्रव्याचे आयुष्य, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. नवा कोरा कागद यूव्हीचा आहे की बिनयूव्हीचा, हे पाहून किंवा चोळून कुणालाही सांगता येत नाही. इथे दुकानदाराच्या शब्दाखेरीज दुसरा आधार लागतो : रोलवरचा उत्पादकाचा शिक्का, बॅच नंबर, मानकाचा उल्लेख आणि लेखी हमी.

हमीत "तीन वर्षे" असे लिहिलेले असते. कुठल्या उन्हातली तीन वर्षे, हा प्रश्न विचारायला हवा. विजेच्या बिलाच्या भाषेत मांडतो. हॉलंडमध्ये एका चौरस मीटरवर वर्षभरात सुमारे हजार युनिट इतकी सूर्याची ऊर्जा पडते. बिदर-कलबुर्गीच्या पठारावर दिवसाला सरासरी पाच युनिटांच्या वर, म्हणजे वर्षाला अठराशे-एकोणीसशेच्या घरात. जे तिकडे दोन वर्षांत घडते ते इथे एका वर्षात उरकते. जाणते उत्पादक म्हणूनच वर्षांबरोबर किलोलँगली नावाचा आकडाही देतात. पडणारी सूर्यऊर्जा मोजण्याचे ते एकक आहे : हॉलंडचे वर्ष ८५ किलोलँगलीच्या आसपास भरते, आपले १६० च्या आसपास. हा आकडा माहीत असलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार वेगळ्या नजरेने पाहतो. अशा गिऱ्हाइकाला परदेशी नावाच्या छापाची भुरळ पडत नाही.

आणि हमी मिळाली तरी ती आपल्याच हातांनी मोडायची एक रीत आपल्याकडे रूढ आहे. गुलाबावर भुरी आली की गंधक. कुणी फवारतो, कुणी रात्रभर बर्नरवर जाळतो. भुरी जाते, पण जळलेल्या गंधकाचे आम्ल कागदाच्या आतल्या अंगाला बसते. यूव्ही-रोधक द्रव्यांतली आज सर्वांत जास्त वापरली जाणारी जात अमाइन वर्गातली, म्हणजे अल्कधर्मी आहे. आम्लाशी गाठ पडली की ती निष्प्रभ होते. चार वर्षांचा कागद दुसऱ्याच उन्हाळ्यात फाटतो आणि उत्पादक हमीपत्रातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवतो. क्लोरीनयुक्त औषधांचेही तसेच. गंधक वापरूच नये असे कोणी म्हणत नाही. बेताने वापरावे, नंतर झडपा उघडून घर मोकळे करावे आणि कागद घेतानाच "आम्ही गंधक वापरतो, याला चालेल का" हे विचारून गंधक सोसणारा कागद घ्यावा. औषधाच्या दुकानात गंधक विकणारा आणि पलीकडच्या दुकानात कागद विकणारा, दोघेही हे सांगत नाहीत. एकाचा माल दुसऱ्याचा माल लवकर संपवतो, आणि दोघांचीही विक्री वाढते.

बसवण्यातल्या चुकांवर थोडक्यात सांगतो. बहुपदरी कागदाला आतले आणि बाहेरचे अंग असते. आतल्या अंगाला पाणी थेंब होऊन टपकू नये म्हणून द्रव्य असते, बाहेरच्या अंगाला धूळ कमी चिकटावी म्हणून. उलटा लावला की दोन्ही गुण वाया. पहाटे थेंब कळ्यांवर पडतात आणि करपा-बुरशीला आमंत्रण मिळते. कोणती बाजू आत, हे बहुधा कागदाच्या कडेवर इंग्रजीत छापलेले असते, आणि ते वाचण्याची तसदी फिटरही घेत नाही. भर दुपारी ताणलेला कागद रात्री आखडतो, पहाटेच्या गारव्यात ताणलेला दुपारी सैल पडून फडफडतो. फडफडला की फाटला. आणि कागद पहिल्यांदा कुठे फाटतो ते नीट पाहा : कमानीच्या पाइपावर. उन्हात तापलेल्या लोखंडाला टेकलेला पट्टा आधी मरतो. तेवढ्या पाइपावर पांढरे आच्छादन दिले तरी पुष्कळ फरक पडतो.

प्रकाशाचे गणित थोडे नाजूक आहे. पिकाला लागणारा प्रकाश किमान ८५ टक्के तरी आत आला पाहिजे, असा सरकारी अनुदानाच्या निकषांतच आग्रह आहे. पण तो थेट आला तर वरची पाने भाजतात आणि खालची उपाशी राहतात. म्हणून प्रकाश पसरवणारा, जरा दुधट दिसणारा कागद आपल्या उन्हाला बरा. दुधट म्हणजे हलका, आणि आरशासारखा स्वच्छ म्हणजे भारी, ही बाजारातली समजूत उलटी आहे. उष्णतेच्या बाबतीत तर बिदरला चालेल ते कलबुर्गीला चालेलच असे नाही. बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री तिथे पारा दहाच्या आसपास उतरतो, आणि साधे पॉलिथिलीन जमिनीची ऊब सरळ बाहेर जाऊ देते. ऊब धरणारा, थर्मिक म्हणतात तो कागद, तिथे ढोबळी मिरचीला उपयोगी पडेल. कलबुर्गीकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला भिडतो. तिथे माझ्या मते कुठल्याही कागदाच्या गुणापेक्षा छताच्या झडपेची रुंदी आणि घराची उंची महत्त्वाची. आणि कित्येक पिकांना कागदाचे घर नकोच, शेडनेट पुरे. सेडम, मळखेड, वाडीच्या सिमेंटच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट येते. जिथल्या शहाबादी फरशीवर निम्म्या महाराष्ट्राची अंगणे उभी आहेत, तिथला चुनखडीचा धुरळा कागदावर बसतो आणि दव पडले की तिथेच धरतो. तिथे कागद धुण्याचे पाणी हाही खर्चाचा भाग धरावा लागतो. सल्ला देणारा माणूस या तिन्ही ठिकाणी एकच माहितीपत्रक वाटत असेल तर तो सल्ला देत नाही, माल खपवतो.

वस्तूचा गुणधर्म ओळखणे ही काही शिकलेल्यांची मिरासदारी नाही, आणि हे बिदरच्या माणसाला तरी कुणी बाहेरून येऊन सांगायला नको. बिदरी कामाचा कारागीर जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततो, त्यावर चांदीची तार ठोकून बसवतो, आणि शेवटी किल्ल्यातल्या मातीत नवसागर मिसळून त्याने ते भांडे काळे करतो. चांदी पांढरीच राहते, जस्त काळे पडते. पण माती कोणतीही चालत नाही. वर्षानुवर्षे जिला ऊन-पाऊस लागलेला नाही अशीच हवी. ती ओळखायला कारागीर चिमूटभर माती जिभेवर ठेवतो. त्याने रसायनशास्त्राची पदवी घेतलेली नसते. आपल्या धंद्यातल्या प्रत्येक पदार्थाची चव आपल्याला माहीत असली पाहिजे, एवढा अभिमान मात्र त्याला असतो. तोच अभिमान शेतकऱ्याला बियाण्याबाबत होता, मातीबाबत होता, बैलाबाबत तर फारच होता. नवी वस्तू आली आणि तो गळून पडला. प्लास्टिक ही जणू कंपनीची विद्या, आपण फक्त पैसे मोजायचे, असे आपण मानून बसलो. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या एमरी एमर्ट या प्राध्यापकाने १९४८ मध्ये काचेऐवजी सेलोफेनचा पातळ पडदा लावून हरितगृह उभे केले, ते काच परवडत नव्हती म्हणून. कागदाचे घर जन्माला आले तेच हात आखडलेल्या माणसाच्या अकलेतून. ते आपल्याकडे येईपर्यंत त्यातली अक्कल वाटेत कुठेतरी गळली आणि बिल तेवढे पोचले.

ती गळायला अनुदान काही अंशी कारण आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात २०१४ पासून हरितगृहाच्या ठरीव खर्चाच्या निम्मे अनुदान एका लाभार्थ्याला ४,००० चौरस मीटरपर्यंत मिळत आले. त्या वेळच्या दराने १,००८ चौरस मीटरच्या, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांच्या घराचा ठरीव खर्च नऊ लाख बेचाळीस हजारांच्या आसपास येई. त्यात निम्मे सरकारचे. हेतू चांगला. निकषही चांगले लिहिलेले : दोनशे मायक्रॉन, बहुपदरी, यूव्ही-रोधक, आयएस १५८२७ या भारतीय मानकाला उतरणारा कागद. पण तपासणीला येणारा माणूस टेप घेऊन येतो. काटा आणि मायक्रोमीटर घेऊन आलेला मी पाहिलेला नाही. लांबी-रुंदी मोजली, फोटो निघाला, फाइल पुढे गेली. ज्याचे निम्मे पैसे दुसरा देतो त्याचे डोळेही निम्मे मिटतात. "सरकारचेच आहे, लागू दे कसलाही," हे वाक्य ज्याने उच्चारले त्याच्याच रानात पुढे नुसता सांगाडा उभा असतो आणि बाकीच्या निम्म्याचे व्याज चढत असते. महाराष्ट्रात पॉलिहाऊस-शेडनेटच्या कर्जात रुतलेल्या शेतकऱ्यांना कर्जमाफीसाठी आंदोलने करावी लागली. बाजारभाव पडला हे त्यामागचे मोठे कारण, हे खरेच. पण बाजारभाव आपल्या हातात नव्हता, कागद होता.

सीमेवरच्या मराठी शेतकऱ्याची आणखी एक अडचण आहे. रोलवरची अक्षरे इंग्रजी, खात्याचे पत्रक कन्नड, विक्रेता हैदराबादी हिंदीत बोलणारा, आणि घेणारा घरात मराठी बोलणारा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर या पट्ट्यातल्या भाषेच्या वादावर किती शाई आणि किती घसा खर्च झाला! त्या वादाच्या न्याय-अन्यायात मी इथे शिरत नाही. पण अस्मितेसाठी मोर्चा काढणाऱ्या आमच्या मंडळींनी रैत संपर्क केंद्रात एक पानाचे मराठी पत्रक लावा, अशी मागणी कधी केली का? कागदाच्या हमीत काय लिहिले आहे हे आपल्या बोलीत समजणे, हाही भाषेचाच हक्क आहे. कन्नड येणारा शेजारी असतोच. त्याच्याकडून पत्रक वाचून घ्यायला कमीपणा वाटत असेल तर तो कमीपणा महाग पडतो. बिदरला कृषी विज्ञान केंद्र आहे, फलोत्पादन महाविद्यालय आहे; तिथे दार ठोठावायला भाषा आडवी येत नाही. आपण तिथे जातो ते मंजुरीची सही लागली म्हणून, शंका घेऊन फार थोडे जातात.

बसवकल्याणच्या मातीवर उभे राहून व्यापाऱ्यालाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. बाराव्या शतकात इथे बसवण्णांभोवतीच्या ज्या शरणांनी कायक, म्हणजे आपले काम, हेच उपासनेचे रूप मानले, त्यांच्यात दोर वळणारा नुलिय चंदय्या होता, नाव वल्हवणारा अंबिगर चौडय्या होता. त्या विचारात धंद्याचा मोठेपणा कमाईवर ठरत नव्हता, धंदा किती सचोटीने केला यावर ठरत होता. दुकानात बसवण्णांची तसबीर, तिला रोज हार, आणि खाली एकशे साठचा कागद दोनशेचा म्हणून. मग त्या हाराचा उपयोग काय?

आता शेवटची आणि मला सर्वांत टोचणारी गोष्ट. दहा गुंठ्यांच्या घराला छत-बाजू धरून जमिनीच्या सुमारे दीडपट कागद लागतो. म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास प्लास्टिक. तीन-चार वर्षांनी त्याचे काय होते? थोडे कडब्याच्या गंजीवर जाते, थोडे गोठ्याच्या छपरावर. उरलेले बांधावर पडते, तडकते, तुकडे होतात, आणि नांगराबरोबर काळ्या रानात मिसळतात. बोटभर रुंदीचे ते तुकडे गवताबरोबर जनावराच्या पोटात जातात. देवणी ही आपल्या उदगीर-देवणी-भालकी-औराद पट्ट्याची अभिमानाची जात. पण तिच्याही पोटाला पॉलिथिलीन पचत नाही. ते पोटाच्या पहिल्या कप्प्यात गोळा होते, रवंथ मंदावतो, पोट फुगते, दूध आटते, आणि शेवटी पोट फाडून प्लास्टिक काढण्याची पाळी येते. ज्या बिदरात राज्याचे पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, त्याच जिल्ह्यात आपण जनावरांना हा रोग स्वतःच्या हाताने वाढतो. कुणी कागद जाळतो, कुणी गुऱ्हाळाच्या चुलवणात सारतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घातली आहे, हे त्याच्या गावीही नसते. आणि त्या चुलवणावरचा गूळ आपलीच पोरे खातात.

वास्तविक हा कागद भंगार नव्हे. पॉलिथिलीन वितळवून पुन्हा वापरता येते. पण ते अखंड, कोरडे आणि मातीविना असले तरच. म्हणजे कागद फाटून लोंबायची वाट न पाहता, तो निबर होऊ लागला की उतरवायचा, झटकायचा, घडी घालून वजनाने द्यायचा. चिखलाने माखलेल्या चिंध्या कुणी घेत नाही. कागदाचे आयुष्य किती हे ज्याला माहीत आहे त्यालाच तो वेळेवर उतरवता येतो. ज्याने घेताना विचारले नाही त्याला काढायची वेळही कळत नाही. तालुक्यातल्या पाच-दहा हरितगृहवाल्यांनी एकाच महिन्यात कागद उतरवला तर एक टेम्पो भरतो, आणि टेम्पो भरला की हैदराबादचा घेणारा दारात येतो. यासाठी सरकारी योजनेची वाट पाहायची गरज नाही.

या उन्हाळ्यात ज्यांना कागद बदलायचा आहे त्यांना माझी एवढीच विनंती आहे. पैसे देण्यापूर्वी दुकानदाराकडून एक चौरस मीटरचा तुकडा मागून घ्या आणि त्याच्यासमोर तोला. गंधक चालेल का, आतून थेंब टपकतील का, आपल्या उन्हात हमी किती, हे बिलावर लिहून मागा. उत्पादकाचे नाव आणि बॅच नंबरही त्याच बिलावर. फिटरला आतली बाजू आधी दाखवायला सांगा. तपासणीला अधिकारी आले तर टेप त्यांचा असू द्या, काटा तुमचा ठेवा. आणि हे सगळे लिहून द्यायला दुकानदार का-कू करू लागला, तर चहा अर्धा सोडून उठा आणि दुसऱ्या दुकानात जा.